बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर

कांजूरमार्गहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. राज्यशास्त्रात बी.ए. झालं, सध्या बी.एड.चं पहिलं वर्ष चालू आहे. पत्र चार पानी आहे. त्यातला गाभा तिच्याच शब्दांत :

"सर, सराव पाठासाठी जवळच्या एका शाळेत जात होतो. सातवीला 'मूलभूत हक्क' घेत होते. भाषणस्वातंत्र्यावर आले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, 'मॅडम, मग मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर का लिहितो?' सगळा वर्ग हसला. 'तो वेगळा विषय आहे' म्हणून मी पुढचा मुद्दा लिहायला लागले. पाठानंतर वहीत शेरा : वर्गनियंत्रण कमी. बाबा म्हणतात, मास्तरकीचा नाद सोड, एमपीएससीला बस. मुलांना लोकशाही शिकवायची तर त्याचा वेगळा कोर्स असतो का? आणि माझ्यासारखीने या क्षेत्रात राहावं का?"

कोर्सचं आधी सांगतो, कारण ते लवकर उरकेल. अशी वेगळी पदवी नाही. पुढे शिकायचंच असेल तर एम.एड. आहे, देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) शिक्षणशास्त्रात एम.ए. करता येतं. पण तुला जे हवंय त्यातलं बरंचसं तुझ्या आत्ताच्या अभ्यासक्रमातच पडून आहे. समकालीन भारत आणि शिक्षण, लिंगभाव आणि शाळा, समावेशक शाळा हे विषय बहुतेक जण आदल्या रात्री झेरॉक्स नोट्सवर काढतात. तू तसं करू नकोस, एवढंच.

आता त्या मुलाकडे येऊ. तासातला सगळ्यात चांगला प्रश्न त्याने विचारला, आणि तो 'वेगळा विषय' मुळीच नव्हता. संविधानाच्या कलम १९ मध्ये स्वातंत्र्य आहे आणि त्याच कलमात त्याच्यावरचे वाजवी निर्बंधही आहेत. फळ्याकडे वळण्याऐवजी वर्गालाच विचारायचं होतंस : नावं लिहायचा नियम केला कोणी? ज्याचं नाव लागलं त्याचं म्हणणं कोणी ऐकून घेतं का? मॉनिटरचा जिगरी दोस्त बोलला तर त्याचंही नाव लागतं का? आणि नाव लागल्यावर होतं काय? उत्तर 'पट्टी' असं आलं, तर तेवढ्यापुरती चर्चा संपली. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षेलाही बंदी आणि मानसिक छळालाही. बाकीच्या प्रश्नांवर मात्र मुलांना भांडू द्यायचं. सातवीतली मुलं नियमांच्या बाबतीत आपल्यापेक्षा कडक असतात. बहुतेक जण म्हणतील, गोंगाट होतो, नियम हवाच. ठीक, मग तुम्हीच तयार करा. कोणी म्हणेल नाव लिहिण्याआधी एकदा सांगायचं, कोणी म्हणेल मॉनिटर दर आठवड्याला बदलायचा, कोणी म्हणेल चुकून लागलेलं नाव पुसायची सोय पाहिजे. आठ मिनिटं जातील. मग पुस्तक उघडून 'वाजवी निर्बंध' वाचून घे, ते दोन शब्द समजावत बसावं लागणार नाही. (वर्गाचा नियम म्हणजे संसदेचा कायदा नव्हे, तेव्हा तुलना फार ताणायची नाही. मुलंच ती ताणतील, तेव्हा आवरायची.)

शेरा देणाऱ्या बाईंवर रागावू नकोस. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, नसलेला आवाज म्हणजे गोंधळ आणि टाचणात असलेला आवाज म्हणजे 'विद्यार्थी सहभाग', ही आपल्याकडची रीतच आहे. तिचा फायदा घे. पुढच्या पाठ टाचणात 'वर्गनियमावर चर्चा, ८ मिनिटे' असं आधीच लिहून टाक. उद्दिष्टाच्या रकान्यात सगळे लिहितात ते 'लोकशाही मूल्ये रुजवणे' खोडून 'विद्यार्थी विरुद्ध मत शेवटपर्यंत ऐकतो व कारण देऊन उत्तर देतो' असं लिही. हे घडलं की नाही, ते मागे बसलेल्या माणसालाही दिसतं.

हे शहाणपण मला नोकरी सोडल्यावर सुचलंय. मी आठ वर्षं वर्गावर होतो. एके वर्षी हौसेने मॉनिटरची निवडणूक घेतली. चिठ्ठ्या, बुटाच्या खोक्याची मतपेटी, बोटाला शाई, सगळं केलं. निवडून आला तो वर्गातला सगळ्यात वांड मुलगा. मी दोन मिनिटं विचार केला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला 'मुख्य मॉनिटर' करून टाकलं, त्याला 'सह'. कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी परत निवडणूक म्हटल्यावर मागून आवाज आला, "सर, तुम्हाला कोण पाहिजे ते सांगा ना, तास वाचेल." त्या पोरांना नागरिकशास्त्रात मी काय शिकवलं ते आता आठवत नाही. मतदानाबद्दल काय शिकवलं ते मात्र त्या वाक्यात आलं.

तुझ्या पत्रातल्या फळ्यावरून आणखी एक आठवलं. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलला होते, तेव्हाचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं आणि मुलांनी एकच गलका केला, कारण सगळ्यांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. डबे धडाधड बाजूला काढले गेले, मगच त्यांना फळ्यापर्यंत जाता आलं. हा प्रसंग सांगताना आपण त्या मुलांबद्दल बोलतो. मी भावी शिक्षकांना नेहमी म्हणतो, त्या वर्गात एक शिक्षकही उभे होते, त्यांच्याबद्दल बोला. आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा घेण्याऐवजी पाच मिनिटं वर्गाच्या दारात उभं राहून बघा : कोण कोणाच्या डब्यात हात घालतं, आणि कोण भिंतीकडे तोंड करून खातं.

त्यासाठी जागाही नीट निवड. एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांत किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले जास्त दुसऱ्या वर्षी. विचारलं तर महापालिकेची शाळा मागून घे. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते. मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या शाळा कधी कधी एकाच इमारतीत असतात. तिथल्या मुख्याध्यापकांना विनंती करून शाळा व्यवस्थापन समितीची एक बैठक बघ. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. घरकामाला जाणारी आई त्या खुर्चीवर बसते तेव्हा तिला बोलू दिलं जातं, की नुसती रजिस्टरवर सही घेतली जाते, हे बघून ये. अर्ध्या तासात तुला शाळा कळेल.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "उद्या कोणी म्हटलं की बाई राजकारण शिकवतात, तर?" म्हणतील. रेघ कुठे आहे ते आपल्याला माहीत असावं. मत का द्यायचं, कसं मोजतात, हरलेल्याचे हक्क काय, हे सगळं शिकवायचं. कोणाला द्यायचं, हे वर्गात नाही, व्हॉट्सॲप स्टेटसवरही नाही. आणि वेगळं वागणारं मूल दिसलं की १९८६ चा एक निकाल लक्षात ठेव. केरळात तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणतात. स्टाफरूममध्ये कोणी आवाज चढवला तर हे एक नाव शांतपणे घेता आलं पाहिजे.

आता बाबा. त्यांना हे सगळं ऐकवू नकोस, त्यांना आकडे हवेत आणि त्यांचं चूक नाही. अनुदानित शाळेत लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन. माध्यमिकला २०२३ पासून मानधन महिना १८,००० रुपये. मुंबईत ते घरी राहूनच परवडतं. विनाअनुदानित शाळेत कागदावर किती आणि हातात किती, हे नोकरी घेण्याआधी तिथल्या शिक्षकांनाच विचारायचं. एमपीएससीचं म्हणशील तर तीन-चार वर्षं त्यात घालवून रिकाम्या हाताने माझ्याकडे येणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात. हे बाबांना खुशाल माझं नाव घेऊन सांग. हातात बी.एड.चं एक वर्ष उरलंय, ते पूर्ण कर. परीक्षा द्यायची हौस असेल तर पदवी हातात घेऊनही देता येते.

राहावं का, याचं उत्तर मी पत्रावरून देऊ शकत नाही. तू परत त्याच वर्गावर जा. पाठ शिल्लक नसेल तर ऑफ तास मागून घे. त्या मुलाला म्हण, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी द्यायचं राहिलं. मग काय झालं ते मला लिही, त्यावर बोलू.

तोवर टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी चालू ठेव. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, १५० गुणांचा. खुल्या वर्गाला ६० टक्के लागतात, आणि सामाजिक शास्त्र घेतलंस तर त्याचे ६० गुण तुझ्या घरचेच आहेत. भरतीसाठी नंतर टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) वेगळी, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. बालमानसशास्त्रावर जरा जास्त वेळ दे, बी.ए.वाल्यांचे गुण तिथेच जातात.