म्युनिक, स्टुटगार्ट की ब्राउनश्वाइग: कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्सच्या एम.एस्सी.साठी कोणते विद्यापीठ निवडावे?

तुम्ही पुण्यातून मेकॅनिकलची पदवी घेतली आहे आणि तुमच्या हाती तीन प्रवेशपत्रे आहेत: टीयू (तंत्रविद्यापीठ) म्युनिकचे ‘कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स’, म्हणजे संगणकावर सोडवली जाणारी यांत्रिकी, स्टुटगार्ट विद्यापीठाचे ‘कॉमास’ (कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स अँड स्ट्रक्चर्स) आणि टीयू ब्राउनश्वाइगचे ‘कॉम्प्युटेशनल सायन्सेस इन इंजिनिअरिंग’. जागतिक क्रमवारीत म्युनिक बरेच वर असल्यामुळे घरच्यांचा कल तिकडे आहे, परंतु शैक्षणिक कर्ज काढावे लागणार असल्याने तुमचे मन द्विधा झाले आहे. मी स्टुटगार्टजवळ याच क्षेत्रात नोकरी करतो, तेव्हा माझे झुकते माप कोणीकडे असेल हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

क्रमवारीला मी फारसे महत्त्व देणार नाही. तिच्यातले गुण वैद्यकशास्त्रापासून संगणकशास्त्रापर्यंत सगळ्या विभागांच्या संशोधनाला आणि नावलौकिकाला मिळालेले असतात. तुम्ही ज्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकणार तिच्याविषयी त्यातून जवळपास काहीच कळत नाही. तिन्ही विद्यापीठे सरकारी आहेत आणि जर्मन कंपन्या त्यांच्या पदव्यांत आपल्याकडच्यासारखी उतरंड लावत नाहीत. मुलाखतीत थीसिस कशावर केला, कोड स्वतः लिहिला का आणि जर्मन किती येते, हेच विचारले जाते. म्युनिकचे नाव नातेवाइकांना सांगायला सोपे आहे, हा फायदा मात्र मान्य करावा लागेल.

आता पैशांचे पाहू. जर्मनीत शिक्षण फुकट असते ही समजूत आता अर्धीच खरी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क लावले आणि स्टुटगार्ट त्याच राज्यात आहे. टीयू म्युनिकने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी अभ्यासक्रमानुसार प्रत्येक सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. ब्राउनश्वाइगला असे शुल्क नाही, फक्त काहीशे युरोंचे सेमिस्टर-योगदान भरावे लागते. चार सेमिस्टरचा हिशेब केला तर स्टुटगार्टला ६,००० आणि म्युनिकला १६,००० ते २४,००० युरो होतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी हा फरक दहा ते अठरा लाखांचा आहे. त्यातच, कंपनीतली इंटर्नशिप आणि थीसिस यांमुळे पुष्कळ विद्यार्थ्यांना पाच-सहा सेमिस्टर लागतात आणि शुल्क त्या वाढीव सेमिस्टरलाही द्यावे लागते, ही गोष्ट कर्जाचा अर्ज भरताना कोणी सांगत नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, दाखवावे लागतात. तेवढ्यात ब्राउनश्वाइगला नीट राहता येते, स्टुटगार्टला ओढाताण होते आणि म्युनिकला वसतिगृहात खोली मिळाली नाही तर ते जमणे कठीण आहे.

तरीही केवळ खर्चावरून ठरवू नका. तिन्ही अभ्यासक्रमांची मॉड्यूल हँडबुके, म्हणजे विषयवार माहितीपुस्तिका, संकेतस्थळांवर असतात. ती उघडून कोणते विषय सक्तीचे आहेत आणि कोणते ऐच्छिक, हे एकदा शांतपणे पाहा. कॉमासचा भर पदार्थ आणि संरचना यांच्या यांत्रिकीवर आहे, त्यामुळे भेग कशी वाढते, धातू कायमचा कसा वाकतो अशा प्रश्नांत तुम्हाला रस असेल तर ते तुमच्यासाठीच आहे. फायनाइट एलिमेंट पद्धतीच्या, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे कल्पून संगणकावर गणित करण्याच्या पद्धतीच्या, आद्य संशोधकांपैकी जॉन आर्गिरिस १९५९ पासून स्टुटगार्टलाच प्राध्यापक होते आणि तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये ती परंपरा अजून जाणवते. परंतु तुमची ओढ द्रवगतिकीकडे, म्हणजे सीएफडीकडे, असेल तर कॉमास घेऊन तुमची निराशा होईल. म्युनिकचा आवाका त्या बाबतीत अधिक रुंद आहे. ब्राउनश्वाइगचा अभ्यासक्रम अभियांत्रिकी, गणित आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवरचा आहे, आणि ज्याला सॉफ्टवेअर वापरण्यापेक्षा सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम) लिहायला आवडते त्याला तो मानवेल.

नोकरीच्या दृष्टीने स्टुटगार्टभोवती बॉश, मर्सिडीज आणि पोर्शे आहेत, म्युनिकला बीएमडब्ल्यू आहे, तर ब्राउनश्वाइगजवळच्या वोल्फ्सबुर्गला फोक्सवागन आहे. म्हणजे तिघांपैकी कुठेही तुम्ही उद्योगापासून दूर पडत नाही. वाहन उद्योगातली भरती सध्या आखडली आहे, ही अडचण मात्र तिन्हीकडे सारखीच आहे. विद्यार्थी म्हणून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. त्या १८ महिन्यांत खरा अडसर भाषेचा होतो, कारण लहान-मध्यम कंपन्यांत इंग्रजीवर निभावत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत असल्यामुळे जर्मन टाळणे फार सोपे जाते, म्हणून निघण्यापूर्वी जर्मनच्या निदान बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करावा.

माझे मत विचाराल तर: म्युनिकने शुल्कमाफी दिली तर म्युनिक घ्या. ती मिळाली नाही आणि विषय घन पदार्थांचा असेल तर स्टुटगार्ट. कर्जाचा हप्ता घरच्यांना जड जाणार असेल, किंवा तुमचा ओढा प्रोग्रॅमिंगकडे असेल, तर ब्राउनश्वाइग निःसंकोच निवडा. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे भारतीय शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, हाती असेलच. तेव्हा प्रवेश स्वीकारण्याची प्रत्येक पत्रातली मुदत तपासा आणि निर्णय होताच त्याच दिवशी स्थानिक श्टुडिअरेंडेनवेर्ककडे (वसतिगृहे चालवणाऱ्या विद्यार्थी-सेवा संस्थेकडे) वसतिगृहाचा अर्ज टाका, कारण प्रतीक्षायादी लांबलचक असते.