परदेशी पत्नीसाठी भारतीय नागरिकत्वाचा अर्ज कोणत्या कलमाखाली करावा, आणि मूळ पासपोर्ट केव्हा सोडावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पत्नी ब्रिटिश नागरिक आहे, लग्नाला नऊ वर्षे झाली, आठ वर्षांपासून आपण दोघे बाणेरला राहता आणि तिच्याकडे चार वर्षांपूर्वी मिळालेले ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारे) कार्ड आहे. आता तिला भारतीय नागरिकत्व घ्यायचे असेल, तर अर्ज कोणत्या कलमाखाली करावा आणि त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट आधी सोडावा लागतो का, हे आपल्याला हवे आहे. मी वकील नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली, कोथरूडला राहणारी एक सासू आहे आणि माझ्या सुनेची याच कामाची फाइल २०१८ ते २०२३ अशी पाच वर्षे मी सांभाळली आहे. ती इंग्लंडमध्ये जन्मली आणि वाढली, २०१० साली पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली तिचे माझ्या मुलाशी लग्न झाले, आणि २०११ पासून ती आमच्या घरी राहते. मुलगा आणि सून दोघेही नोकरीत गुंतलेले असल्यामुळे कागदांचे काम माझ्याकडे आले, आणि आयुष्यभर खातेवह्या तपासलेल्या माणसाला ते जड गेले नाही.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते, कारण चूक झाली तर ती तिथेच महागात पडते. पासपोर्ट आधी सोडू नका. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे मूळ नागरिकत्व सोडावे लागते हे खरे आहे. पण अर्ज करताना केवळ तसे हमीपत्र द्यायचे असते. प्रत्यक्ष त्याग करायचा तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडून अर्ज तत्त्वतः मान्य झाल्याचे पत्र हातात आल्यानंतर. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला कोणीतरी उलटा सल्ला दिला होता आणि ते त्याप्रमाणे करण्याच्या बेतातही होते. तसे झाले असते तर दोन्ही देशांच्या मध्ये अडकण्याची पाळी आली असती.

आता कलमाविषयी. नागरिकत्व अधिनियम, १९५५ याच्या कलम ५ मध्ये नोंदणीने नागरिकत्व मिळते, आणि आपल्या पत्नीसाठी त्यातले दोन मार्ग विचारात घेण्यासारखे आहेत. कलम ५(१)(सी) हे भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या आणि अर्जापूर्वी सात वर्षे भारतात सामान्यतः राहिलेल्या व्यक्तीसाठी आहे. कलम ५(१)(जी) हे पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेल्या आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेल्या व्यक्तीसाठी आहे. आपल्या पत्नीच्या कार्डाला चारच वर्षे झाली असल्यामुळे दुसऱ्या मार्गासाठी आणखी एक वर्ष थांबावे लागेल, पण आठ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करता येत असेल तर पहिला मार्ग आजच खुला आहे. कलम ६ खाली होणारे देशीयकरण हा तिसरा मार्ग. तिथे त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे आणि वर लगतचे सलग बारा महिने असे वास्तव्य लागते, म्हणून तो आपल्या उपयोगाचा नाही. त्या मार्गात संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे अशीही अट आहे, आणि मराठी त्या बावीस भाषांपैकी एक आहे. माझ्या सुनेला ती अट लागू नव्हती याचे तिला वाईटच वाटले, कारण मराठीवर तिने फार मेहनत घेतली होती.

‘सात वर्षे’ हा शब्द फसवा आहे, म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. कायद्यातील स्पष्टीकरणानुसार अर्जाच्या लगतचे बारा महिने पूर्ण भारतात राहिलेले असावे लागतात, आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे भारतात काढलेली असावी लागतात. म्हणजे आधीच्या आठ वर्षांत परदेशी जाण्यायेण्याला बरीच मोकळीक आहे, पण शेवटच्या बारा महिन्यांत जवळजवळ नाही. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार या बारा महिन्यांत कमाल ३० दिवसांची सूट देऊ शकते. ते दिवस तुकड्यातुकड्यांनी असले तरी चालतात, परंतु सूट देण्याची कारणे लेखी नोंदवली जातात आणि सूट मागणे हा आपला हक्क नाही.

आमचे गणित इथेच मोडले. २०१८ च्या मध्याला अर्ज करायचे ठरले होते आणि सगळे कागद तयार होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सुनेच्या वडिलांना तिकडे रुग्णालयात दाखल केले. ती दोन आठवड्यांसाठी म्हणून गेली, आजार वाढला, ते गेले, आणि त्यानंतर एकट्या पडलेल्या आईला सोडून तिला लगेच निघता आले नाही. ती परतली तेव्हा ४१ दिवस झाले होते. मी एका कागदावर तारखा मोजल्या आणि ३० ची मर्यादा ओलांडली गेल्याचे माझ्या लक्षात आले, पण त्या दिवसांत तिच्यासमोर तो कागद ठेवण्याचे धैर्य मला झाले नाही. मार्च अखेरीस मी तिला सांगितले. तिने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, “आई, मग परत आल्याच्या तारखेपासून मोजायला लागू या.” त्याप्रमाणे बारा महिने पुन्हा मोजून आम्ही २०१९ च्या एप्रिलमध्ये अर्ज केला. तिने वडिलांजवळ काढलेले ते दिवस योग्यच होते असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. ज्यांचे आईवडील दूर देशी म्हातारे होत आहेत, त्यांनी ही शक्यता मनात धरूनच अर्जाचे वर्ष निवडावे, एवढेच यातून सांगायचे आहे.

दिवस सिद्ध करायचे ते पासपोर्टवरील शिक्क्यांवरून, म्हणून मुदत संपलेले जुने पासपोर्ट कधीही टाकू नका. २०११ मध्ये सून ज्या पासपोर्टवर आली, त्याची मुदत संपल्यावर तो घर बदलताना हरवला होता. त्या काळातील प्रवासाच्या तारखा आम्हाला विमानाच्या तिकिटांचे जुने ई-मेल, बँकेची विवरणे आणि तिच्या नोकरीतील रजेच्या नोंदी यांवरून जुळवाव्या लागल्या, आणि त्यासाठी दोन महिने गेले. मी एका मोठ्या कागदावर प्रत्येक जाण्यायेण्याची तारीख, बाहेर काढलेले दिवस आणि त्याचा पुरावा असा तक्ता केला होता. तो अर्जाला जोडलाही, आणि पडताळणीच्या वेळी प्रश्न फार थोडे विचारले गेले.

दुसरी काळजी नावाची घ्यावी. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव नवऱ्याचे लावले जाते आणि ते कोणी न विचारताही लिहून टाकले जाते. सुनेच्या पासपोर्टवर तिचे माहेरचे आडनाव आहे आणि मधले नाव तिच्या आजीचे आहे. एका कार्यालयाने तिच्या एका कागदावर मधल्या जागी माझ्या मुलाचे नाव घातले, दुसऱ्या एका ठिकाणी आडनावही आमचे झाले, आणि एकाच बाईची तीन नावे तयार झाली. विवाह प्रमाणपत्र, पॅन, आधार, ओसीआय कार्ड आणि पासपोर्ट यांवरील नावे आजच शेजारी शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर अर्जापूर्वी दुरुस्त करून घ्या, आणि जे दुरुस्त होत नसेल त्यासाठी ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे’ असे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हेही लक्षात असू द्या. भारतात १८२ दिवस राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही तो मिळतो.

अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरला जातो. विवाहाच्या आधारे करायच्या अर्जाचा नमुना तिसरा आहे. त्यानंतर मूळ कागदपत्रे घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात पडताळणीसाठी जावे लागते. सुनेच्या चांगल्या चारित्र्याबद्दल भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रेही आम्ही जोडली. आम्ही एक शेजाऱ्यांचे आणि एक ती शिकवते त्या संस्थेतील ज्येष्ठ बाईंचे घेतले. आपल्या भारतीय नागरिकत्वाचा पुरावाही जोडावा लागेल. पोलीस पडताळणीसाठी घरी आलेले हवालदार तासभर बसले, शेजाऱ्यांशी बोलले आणि सुनेने केलेला चहा घेऊन गेले. त्यानंतर प्रकरण राज्याच्या गृह विभागाकडून दिल्लीला जाते, आणि तिथून पुढे वाट पाहण्यावाचून काही हाती राहत नाही. या काळात पत्ता बदलला तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवण्यात कसूर करू नका. आमच्या अर्जाच्या मध्येच करोनाचा काळ आला आणि मान्यतेचे पत्र २०२२ च्या अखेरीस मिळाले.

ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याची वेळ आता येते. तिकडच्या गृह खात्याकडे आरएन नावाचा अर्ज करून त्यागाची घोषणा नोंदवावी लागते. ब्रिटनच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात एक तरतूद मला फार माणुसकीची वाटली. घोषणा नोंदवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसरे नागरिकत्व मिळाले नाही, तर ती व्यक्ती ब्रिटिश नागरिकच राहिली असे मानले जाते. त्याच कायद्यानुसार, दुसरे नागरिकत्व मिळवण्यासाठी त्याग करावा लागला असेल तर आयुष्यात एकदा ते हक्काने परतही घेता येते. अर्थात तसे केले तर आपल्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. सुनेच्या आईला फोनवर ही तरतूद मी माझ्या इंग्रजीत समजावून सांगितली तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी माझे आभार मानले. या सहा महिन्यांत परदेशप्रवासाचा कोणताही बेत ठेवू नका. त्यागाचे प्रमाणपत्र आपल्याकडे सादर केल्यावर नोंदणीचे प्रमाणपत्र मिळते, आणि भारताच्या संविधानाशी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगण्याची शपथ घ्यावी लागते.

आपण विचारले नाही, पण हे करावे का, असा प्रश्न घरात निघालाच असेल. ओसीआय या नावात ‘सिटिझन’ असले तरी ते नागरिकत्व नाही. कार्डधारकाला मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतजमिनीच्या आशेने मात्र अर्ज करू नका, कारण महाराष्ट्रात नागरिकालासुद्धा तो शेतकरी असल्याशिवाय ती सहसा घेता येत नाही. आणखी एक गोष्ट सासू म्हणून लिहिताना जड जाते, तरी लिहिते. विवाहाच्या आधारावर मिळालेले ओसीआय कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकते. नोंदणीने मिळालेले नागरिकत्व त्या कारणाने जात नाही. आपल्या घरात आलेल्या मुलीचे या देशात राहणे केवळ आपल्या मुलाच्या मर्जीवर असू नये असे मला मनापासून वाटत होते, आणि मी या फाइलच्या मागे लागले ते मुख्यतः त्यासाठी.

दुसऱ्या बाजूला जे जाते तेही खरे आहे. आईला भेटायला जाण्यासाठी सुनेला आता व्हिसा काढावा लागतो. जिथे ती जन्मली त्या देशाच्या विमानतळावर तिला परदेशी प्रवाशांच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि पहिल्यांदा तसे उभे राहिल्यावर तिने मला तिथूनच फोन केला होता. पेन्शनची चिंता मात्र करू नये, कारण तिकडे भरलेल्या राष्ट्रीय विम्याच्या वर्षांवर नागरिकत्व सोडल्याचा परिणाम होत नाही. भारतात राहणाऱ्यांची ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही, पण ते वास्तव्यामुळे आहे, पासपोर्टमुळे नाही. निर्णय पत्नीचाच असू द्या. आमच्याकडे मी फाइल तयार ठेवली, पण ‘भर’ असे एकदाही म्हटले नाही. तिने स्वतः मला एकदा विचारले होते की, बाहेर जन्मलेल्या माणसाला इथले लोक कधी आपले मानतात का. मी तिला अमेरिकेत जन्मलेल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झालेल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात शेवटपर्यंत राहिलेल्या गेल ऑम्व्हेट यांच्याबद्दल सांगितले. काही दिवसांनी तिने अर्ज भरायला घेतला.

प्रमाणपत्र २०२३ मध्ये आले. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून तिचा भारतीय पासपोर्ट झाला, मतदार यादीत नाव लागले, आणि १३ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी आम्ही दोघी एकाच केंद्रावर एकामागोमाग एक उभ्या राहिलो.

आपल्या पत्नीचे जुने पासपोर्ट सर्व हाती आहेत का, आणि गेल्या बारा महिन्यांत ती किती दिवस भारताबाहेर होती, हे कळवलेत तर आपल्याला अर्ज लगेच करता येईल की थांबावे लागेल, हे मी मोजून सांगू शकेन.