आभार कोणी कोणाचे मानायचे?

प्रश्न : एकट्या राहणाऱ्या एका आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवायला मी दर आठवड्याला जाते. सुरुवात मदत म्हणून झाली, पण आता त्यांच्याकडून मलाच जास्त मिळतं असं वाटतं. हे त्यांना सांगावंसं वाटतं. मात्र त्यांना संकोच होईल, उगाच औपचारिक वाटेल, म्हणून राहून जातं. कसं सांगू?

उत्तर : सांगाच, आणि फार दिवस लावू नका. संकोचाची ही भीती बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्याच मनात मोठी झालेली असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज आधी विचारला. पत्र मिळणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होईल हे लिहिणाऱ्यांनी जास्त धरलं होतं. त्याला किती आनंद होईल हे मात्र कमी धरलं होतं. लिहिणारे शब्द बरोबर जमतात की नाही याची काळजी करत बसतात, वाचणाऱ्यापर्यंत त्यातला जिव्हाळा पोचलेला असतो.

तरीही आभार कसे मांडता याने फरक पडतो. ‘तुमच्याकडे आलं की मला फार बरं वाटतं’ हे वाक्य खरं असलं तरी ते तुमच्याबद्दल आहे. त्यात आजींनी काय केलं ते आणा : ‘मागच्या वेळी बातमी वाचताना मी घाई करत होते, तेव्हा तुम्ही थांबवून विचारलंत, आज काही बिनसलंय का? इतकं बारीक लक्ष तुम्ही देता. त्या दिवशी मला त्याची गरज होती.’ प्रसंग, त्यांचा गुण आणि त्याने तुमच्यात झालेला बदल, एवढं दोन-तीन वाक्यांत मावतं. सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जोडप्यांच्या बाबतीत हाच फरक दाखवून दिला : नुसता स्वतःचा फायदा सांगण्यापेक्षा समोरच्याची वाखाणणी करणारे आभार ऐकणाऱ्याला जास्त भिडतात.

वेळ निवडताना दारात चपला घालतानाची निवडू नका. तेव्हा त्यांना उत्तर द्यायला सवड मिळत नाही, आणि उत्तर देता यावं हाच तर सांगण्याचा अर्धा हेतू आहे. वाचन संपल्यावर, निघायच्या दहा मिनिटं आधी सांगा. इतर माणसं असताना टाळा. सगळ्यांसमोर कौतुक झालं की वयस्कर माणसं विषय झटकून टाकतात. ऐकू कमी येत असेल तर टीव्ही-रेडिओ बंद करा, समोर साधारण एक मीटरवर बसा आणि उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. खिडकी तुमच्या पाठीशी असली तर ओठ दिसत नाहीत. ओरडू नका. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, फ, त यांसारखी व्यंजनं निसटतात. ओरडल्याने ती परत येत नाहीत, उलट ओठांची ठेवण बिघडते. सावकाश, नेहमीच्या आवाजात बोला. चिठ्ठी लिहिणार असाल तर चकचकीत नसलेल्या पांढऱ्या कागदावर, जाड काळ्या पेनने, मोठ्या अक्षरात आणि ओळींमध्ये जागा सोडून लिहा. ती नंतर पुन्हा वाचता येते, म्हणून आम्ही चिठ्ठीच्या बाजूचे आहोत.

एक वाक्य मात्र कधीही म्हणू नका : ‘तुमच्याकडे पाहिलं की माझी दुःखं किती छोटी आहेत ते कळतं.’ बोलणाऱ्याला ती कृतज्ञता वाटते. ऐकणाऱ्याला कळतं, की आपलं हलाखीचं आयुष्य कोणाच्या तरी समाधानासाठी वापरलं जातंय. कृतज्ञता त्यांच्या वागण्याबद्दल असावी, त्यांच्या परिस्थितीबद्दल नको.

प्रश्न : आमच्या गटात पंचवीस स्वयंसेवक आहेत. वर्षाअखेर सर्वांना प्रमाणपत्र देतो, गटावर आभाराचा संदेशही टाकतो. तरी काही महिन्यांत लोक गळतात. काय चुकतं?

उत्तर : प्रमाणपत्र वाईट नाही, पण ते उशिरा येतं आणि सगळ्यांना सारखंच असतं. जो प्रत्येक फेरीला आला आणि जो दोनदा आला, त्यांच्या हातात एकच मजकूर पडतो. गटावरच्या संदेशाचंही तेच; सगळ्यांचे आभार म्हणजे कोणाचेच नाहीत, असं नियमित येणाऱ्याला वाटतं.

आधी एक साधी वही करा. तारीख, नाव, नेमकं काय केलं, एवढे तीनच रकाने. फेरी संपल्या संपल्या भरा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. त्यातून दर फेरीनंतर तीन-चार जणांना दोन दिवसांच्या आत स्वतंत्र निरोप द्या, शक्यतो बोलून. अशाने पंचवीस जणांचा फेरा सात-आठ फेऱ्यांत पूर्ण होतो आणि संयोजकावर भारही पडत नाही. वहीत पडद्यामागची कामं मुद्दाम शोधा : सामान मोजणारे, हिशेब ठेवणारे, शेवटी खोली झाडणारे. लोकांसमोर असणाऱ्यांना लाभार्थींकडून दाद मिळतेच. या मंडळींना ती फक्त तुमच्याकडूनच मिळू शकते, आणि बहुधा तीच आधी गळतात.

दुसरं कारण असं, की माणसं कामासाठी येतात पण टिकतात ती माणसांसाठी. नव्या माणसाला पहिल्या तीन फेऱ्यांत एकाच जुन्या जोडीदाराबरोबर ठेवा. दर वेळी जोडी बदलली तर ओळखच होत नाही. काम संपल्यावर पंधरा मिनिटं एकत्र बसण्यासाठी राखून ठेवा आणि ती कामाच्या वेळेतच धरा. नाहीतर ज्यांना घरी जायची घाई असते ते कायमच वगळले जातात. ‘आज कोणामुळे काम सोपं झालं?’ एवढा एक प्रश्न पुरतो. सक्ती नको, गप्प बसणाऱ्याला गप्प बसू द्या.

आणि लाभार्थींना व्यासपीठावर बोलावून आभार मानायला लावू नका. मदतीच्या बदल्यात कृतज्ञता दाखवावी लागली की माणूस पुढच्या वेळी मदत मागायलाच कचरतो. फोटोचंही तसंच. तो कुठे वापरणार हे सांगून आधी विचारा, आणि नकार दिल्याने काही अडणार नाही हेही सांगा.

प्रश्न : ज्यांच्याकडे जातो ते काही ना काही भेट देऊ पाहतात. नाही म्हटलं तर दुखावतात.

उत्तर : पैसे आणि मौल्यवान वस्तू घेऊ नका, संस्थेचा नियम पहिल्याच भेटीत सांगितला तर नंतर तो नकार वैयक्तिक वाटत नाही. हातानं केलेली छोटी वस्तू संस्थेला कळवून जरूर घ्या. ज्याला सतत घ्यावंच लागतं, त्याला काही देता येणं फार मोलाचं असतं. त्याहून चांगलं म्हणजे त्यांच्याकडून काही शिका, सल्ला मागा, आणि तो वापरल्यावर काय झालं ते पुढच्या भेटीत सांगा.

प्रश्न : मला दुसऱ्या गावी जावं लागतंय. दोन वर्षांची ओळख आहे, निरोप कसा घेऊ?

उत्तर : किमान चार आठवडे आधी सांगा. शेवटच्या दिवशी सांगितलं, तर बातमी पचवायला त्यांना तुम्ही सोबत नसता. निदान दोन भेटींना नव्या स्वयंसेवकाला बरोबर न्या. पहिल्या भेटीत तुम्ही बोला, दुसरीत त्याला बोलू द्या. आवडीनिवडी, ऐकण्याची अडचण, कुठला विषय नको, हे त्यांना विचारूनच पुढे कळवा. खासगी गोष्टी कळवू नका.

‘येत राहीन’ असं भावनेच्या भरात म्हणू नका. महिन्यातून एक फोन जमणार असेल, तर तेवढंच ठरवा, वार आणि वेळ सांगा आणि पाळा. खात्री नसेल तर काहीच कबूल करू नका; मोडलेलं वचन वाट पाहायला लावतं. शेवटच्या भेटीत त्यांच्याकडून मिळालेली एक नेमकी गोष्ट सांगा आणि त्यांना जे बोलायचंय ते पूर्ण ऐका. ‘छे, मी काय केलं’ म्हणून त्यांचे आभार परतवू नका.