सहा महिन्यांचा किराणा भरायचा का? आधी कार्डाचं बिल बघू

(हे उत्तर २५ मे २०२० चं, कोरोनाच्या लॉकडाऊनमधलं; यातले भाव, व्याजदर, नियम आणि सवलती तेव्हाच्या आहेत.) डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय. घरात पाच माणसं: त्या, मिस्टर, दोन मुलं, सासूबाई. मिस्टर हॉटेल लाइनमध्ये आहेत, पगार ५८ हजार होता तो एप्रिलपासून निम्मा झालाय. ताईंच्या ट्यूशन्स आहेत, त्या आता मोबाईलवर चालतात आणि फी देणारी मुलं कमी झालीत, महिन्याला ७ हजार येतात. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलंय की पावसाळ्यात माल मिळणार नाही, आत्ताच सहा महिन्यांचा भरून ठेवा, आणि एक सप्लायर सगळ्यांना एकदम आणून देतोय. यादी झाली ३८ हजारांची. प्रश्न एवढाच, "घेऊ का? कार्डावर घेतलं तर चालेल ना, तसंही बँकेने कार्डाला ऑगस्टपर्यंत माफी दिलीच आहे."

ताई, प्रश्न किराण्याचा आहे पण माझं लक्ष त्या 'माफी' शब्दावरच अडकलं. पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की मार्चपासून कार्डाचं बिलच भरलेलं नाही. म्हणून किराण्याचं उत्तर आधी देऊन टाकतो आणि मग जिथे घर गळतंय तिथे येतो.

सहा महिन्यांचा भरू नका. महिन्याचा नेहमीचा घ्या आणि वर पंधरा दिवसांचा जास्तीचा ठेवा, बस. बिल्डिंग सील झाली तरी तेवढ्यात निघतं, आणि सील झालेल्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत दूध-भाजी-किराणा येतोच आहे, हे तुम्हीही आसपास बघितलं असेल.

भीती का बसली ते मला कळतं. २४ मार्चला रात्री आठला लॉकडाऊन जाहीर झाला आणि अर्ध्या तासात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोर शंभर माणसं होती, शटर अर्धं खाली, काका आतून पिशव्या देतायत आणि बाहेर एकजण वजन-भाव काही न विचारता नुसता "जे आहे ते द्या" म्हणतोय. ते चित्र डोक्यातून जात नाही. पुढचे दोन-तीन आठवडे मॅगी, बिस्किटं, पॅकबंद आटा मिळत नव्हता. पण का मिळत नव्हता ते बघा. धान्य संपलं नव्हतं. ट्रक राज्यांच्या सीमेवर अडकले, ड्रायव्हर गाडी सोडून गावी गेले, हमाल गेले, पॅकिंगच्या कारखान्यात माणसं नव्हती, पास कोणाला मिळतो आणि कोण देतो यातच दिवस गेले. सरकारी गोदामांत १ एप्रिलला जेवढा साठा असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त गहू-तांदूळ होता, आणि रब्बीचा नवीन गहू त्यानंतर आला. मे महिन्यात वाशीचं मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं तेव्हा भाजी महागली, पण आठवड्याने उघडलंच ना. म्हणजे टंचाई येते ती थोड्या दिवसांची आणि ठराविक ब्रँडची, त्यावर सहा महिन्यांचा साठा हा उपाय नाही.

तुम्ही यादीचा फोटो पाठवलाय तो मी मोठा करून वाचला. पॅकबंद आटा ६० किलो. त्या पिशवीवरची मुदत बघा, बहुतेक तीन महिनेच असते, आणि डोंबिवलीच्या जून-जुलैच्या दमट हवेत त्याआधीच पोरकिडे होतील. रवा १० किलो, तो भाजून न ठेवल्यास पंधरा दिवसांत जाळी धरतो. साखर ३० किलो, पावसाळ्यात पाणी सुटणार. सॅनिटायझर ५ लिटर कशाला, साबण आहे ना घरात. आणि तूरडाळ १३५ ने लावलीय, माझ्या दुकानात काल ११० ने मिळाली. एकदम ५० घरांचा माल घेतोय तर भाव कमी पाहिजे, इथे जास्त आहे. घाबरलेल्या माणसाकडून जास्त पैसे काढणं हा धंदा आहे आणि तो ग्रुपवरचा मेसेज कोणी पसरवला ते जरा शोधा.

आपल्याकडे मे महिन्यात वर्षाचं धान्य भरायची पद्धत होतीच, तुमच्या सासूबाईंना विचारा. पण तेव्हा अख्खा गहू घ्यायचे, पीठ नाही. पीक नुकतंच निघालेलं असायचं म्हणून भाव वर्षातला सगळ्यात कमी असायचा, गच्चीवर कडक उन्हात दोन-चार दिवस वाळवायचे, गव्हात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेल, तांदळाला बोरिक पावडर, मग कोठीत. आणि पैसे रोख असायचे. महागात, उधारीवर, दळलेलं पीठ भरणं याचा त्या पद्धतीशी काही संबंध नाही.

आता कार्ड. इथे जरा शांतपणे वाचा.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला जे दिलं ते मोरेटोरियम, म्हणजे हप्ता पुढे ढकलायची मुभा. गेल्या शुक्रवारी, २२ मेला, ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. मुभा हप्त्याची आहे, व्याज चालूच आहे. एसएमएसमध्ये 'रिलीफ' लिहिलं म्हणून तुम्ही माफी समजलात, तुमच्यासारखी पत्रं मला या महिन्यात खूप आली, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. पण गृहकर्जावर हे व्याज सव्वाआठ टक्के वर्षाला आहे आणि कार्डावर साडेतीन टक्के *महिन्याला*. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला चार टक्क्यांच्या वर.

तुमचा हिशोब मांडतो. १ मार्चला बाकी ९६ हजार. त्यावर महिन्याला साधारण ४ हजार व्याज. शिवाय तुम्ही औषधं, किराणा, रिचार्ज असं महिन्याला १० हजारांचं कार्डावरच घेत राहिलात, आणि मागची बाकी असताना नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, त्याच दिवसापासून व्याज लागतं. तर ९६ अधिक ३० खरेदी अधिक १३-१४ व्याज, मेअखेर १ लाख ४० हजार. अॅपमध्ये बघा, आकडा आसपास निघेल. यात ३८ हजारांचा किराणा टाका आणि ऑगस्टपर्यंत काही भरू नका, तर २ लाख. अर्ध्या पगारात २ लाख. ती ११० ची १३५ ला घेतलेली तूरडाळ तुम्हाला दीडशेच्या वर पडेल आणि तिला कीड लागलेली असेल.

आणि हे होत असताना तुमच्याकडे १ लाख ७५ हजारांची एफडी आहे! तुम्ही लिहिलंय, "ती सासऱ्यांनी नातीसाठी म्हणून दिलेली, मोडायची नाही असं ठरवलंय." भावना मी समजतो, पण ताई, ती एफडी साडेसहा टक्क्यांनी महिन्याला साडेनऊशे रुपये देते आणि कार्ड महिन्याला ५ हजार ७०० खातं. नातीचेच पैसे रोज दीडशे रुपयांनी जातायत, फक्त वेगळ्या खात्यातून जातायत म्हणून दिसत नाहीत. सासरे असते तर त्यांनीच मोडायला सांगितलं असतं असं मला वाटतं, ज्या माणसाने जपून पैसे ठेवले त्याला हा हिशोब लगेच कळतो.

उद्या सकाळी एफडी मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून एक टक्का कमी व्याज, हजार-दोन हजारांचं नुकसान, होऊ दे. त्यातून कार्ड पूर्ण भरा. पूर्ण म्हणजे पूर्ण, मिनिमम ड्यू (बिलावर छापलेली कमीत कमी रक्कम) नाही, बाकी शून्य झाल्याचं स्टेटमेंट मागून घ्या, कारण एवढ्यात लागलेलं व्याज पुढच्या बिलात पुन्हा डोकं वर काढतं. उरतील ३५ हजारांच्या आसपास, ते सेव्हिंगमध्ये राहू द्या. पावणेतीन टक्के मिळोत, इथे व्याज बघायचं नाही, पैसा हाताशी पाहिजे. कार्ड कपाटात.

आता तिसरी गोष्ट, जी तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलीत आणि मी ती तीनदा वाचली. "जूनमध्ये पॉलिसीचा ६० हजारांचा हप्ता आहे, त्यासाठी मिस्टर पीएफमधून कोविडचे पैसे काढणार आहेत."

थांबवा त्यांना. फॉर्म भरला असेल तर आजच विचारा रद्द होतो का. कोविडसाठी पीएफमधून काढायची जी सोय दिलीय (तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता किंवा खात्यातले ७५ टक्के, जे कमी असेल ते) ती घरात चूल पेटेना अशा माणसासाठी आहे. साडेआठ टक्क्यांचा पीएफ काढून कशात घालणार? तुम्ही लिहिलंय तसं गेल्या जूनमध्ये बँकेत एफडी रिन्यू करायला गेलात, तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरने "एफडीसारखंच आहे, गॅरंटीड, वर विमा फ्री" म्हणून २ लाख ३५ हजारांतले ६० हजार यात वळवले. १० वर्षं ६० हजार भरायचे, म्हणजे ६ लाख, आणि २० व्या वर्षी १२ लाख मिळणार. दामदुप्पट ऐकायला छान वाटतं. पण पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतायत, दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागतात त्याने ७२ ला भागलं की साधारण व्याजदर कळतो, म्हणून ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या थोडं वर येतं. विमा किती, ६ लाख. गृहकर्ज किती बाकी, २१ लाख. उद्या मिस्टरांना काही झालं तर ६ लाखांत बँकसुद्धा गप्प बसणार नाही, घर तर लांबच. एफडीसाठी आलेल्या बाईला दहा वर्षांचा हप्ता गळ्यात बांधणं, आणि एकदाही घरच्या कर्जाची चौकशी न करणं, याचा मला खरंच राग येतो, आणि मार्च-जूनमध्ये टार्गेटसाठी हे दरवर्षी होतं.

पॉलिसी बंद करा. पहिला हप्ता गेला, एकच भरलाय त्यामुळे आत्ताच्या, २०२० च्या नियमाने त्यातलं काही परत येणार नाही, ते ६० हजार मनातून काढून टाका. ते वाचवायला दुसरे ६० हजार घालू नका. फक्त एक क्रम पाळा: आधी मिस्टरांचा एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, घ्या, तो हातात आला की मग ही सोडा, जूनच्या हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तेवढ्यात होतं. ३७ वय, सिगरेट नाही, साधारण १५ हजार वर्षाला, आत्ता पैसे कमी आहेत तर मासिक हप्ता घ्या, तेराशे-चौदाशे पडेल. यात शेवटी काही परत मिळत नाही आणि कोणी 'पैसे परत' वाला टर्म दाखवला तर नको म्हणा. बाकी सगळी माहिती खरी भरा, मिस्टरांची शुगर थोडी वाढलीय म्हणालात तीसुद्धा लिहा, हप्ता वाढला तर वाढू दे.

महिन्याचं बघू. २९ अधिक ७, ३६ हजार येतात. किराणा-दूध-भाजी १५, लाईट-गॅस-मेंटेनन्स-फोन ६, सासूबाईंची औषधं अडीच, टर्मचे दीड. २५ गेले, ११ उरले, आणि घराचा हप्ता १९ हजार. नाही जमत. म्हणून घराच्या कर्जाला मोरेटोरियम घ्याच. तेही फुकट नाही, स्टेट बँकेने स्वतःच उदाहरण दिलंय की ३० लाखांचं कर्ज, १५ वर्षं बाकी, तर तीन हप्ते पुढे ढकलल्याचे सुमारे २ लाख ३४ हजार जादा जातात, म्हणजे आठ हप्ते. तरी तुम्ही घ्या, कारण नोकरीच डळमळीत असताना हातात रोख असणं महत्त्वाचं. उरलेले ११ हजार आधी बँकेत साठवा, आधीच्या ३५ हजारांचे एक लाख झाले की मग कर्जात जमेल तेवढे टाकत चला, मोरेटोरियम असला तरी भरता येतात.

जुलैपासून पूर्ण पगार सुरू होईल असं कंपनीने तोंडी सांगितलंय म्हणता. आज २५ मे २०२०, विमानं आजपासून कुठे उडायला लागलीत, आपल्याकडे हॉटेलं अजून बंद आहेत. दिवाळीपर्यंत अर्धाच पगार धरून चाला. आधी सुरू झाला तर आनंद आहे, पण त्यावर आज एक रुपयाही खर्चू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक. घरात केशरी रेशनकार्ड असेल आणि आजवर दुकानात गेला नसाल तर मे-जून २०२० साठी माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी मिळतोय. पाच माणसांचं २५ किलो धान्य २४० रुपयांत. लाजायचं काही कारण नाही, ते तुमच्याचसाठी आहे.

आणि ताई, जास्तीचा पंधरा दिवसांचा किराणा त्या ग्रुपवाल्याकडून न घेता नेहमीच्या वाण्याकडून घ्या. अख्खा गहू, तांदूळ, तूर-मूग डाळ, तेलाचा एक डबा, गूळ, शेंगदाणे, मीठ, साबण, सासूबाईंची महिन्याची औषधं. चार-साडेचार हजारांत बसेल. त्या वाण्यांनीच मार्चमध्ये तुम्हाला वहीत लिहून माल दिला होता हे तुम्हीच लिहिलंय, तीन आठवड्यांनी पैसे दिलेत आणि त्यांनी एक रुपया व्याज घेतलं नाही.

ताजा कलममध्ये विचारलंय की वर्षाचं लाल तिखट यंदा करायचं की विकतचं आणायचं. करा. मिरच्या मिळत असतील तर आत्ताच घ्या, ऊन आहे तोवर गच्चीवर वाळवून देठ काढून डब्यात भरा, कांडप उघडलं की कुटून आणा. पाऊस पडायला अजून दोन आठवडे तरी आहेत.