वाचकांचे प्रश्न : चित्रातली सावली आणि पाहणाऱ्याची जागा

प्रश्न : चिनी निसर्गचित्रांत डोंगर एकावर एक रचल्यासारखे वाटतात, सावल्या जवळजवळ नसतात आणि शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकवलेले यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे, म्हणजे दूरचे लहान दाखवून खोली भासवण्याचे) नियम कुठेच लागू पडत नाहीत. युरोपीय चित्रांच्या तुलनेत हे तंत्र अपुरे म्हणायचे, की हा संस्कृतीचा फरक आहे? — एक वाचक, सातारा

उत्तर : तंत्र अपुरे होते हे मला मान्य नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकात वास्तुकार ब्रुनेलेस्की यांनी प्रयोगाने दाखवलेले आणि विद्वान अल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये ग्रंथबद्ध केलेले यथार्थदर्शन पाहणाऱ्याला एका जागी, एका क्षणी उभे करते. त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकात, ग्वो शी या चिनी चित्रकाराने अंतराचे तीन प्रकार सांगितले होते : पायथ्याहून शिखराकडे पाहताना जाणवणारे, डोंगराच्या पुढून मागे डोकावताना जाणवणारे आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगराकडे पाहताना जाणवणारे. ज्या निसर्गचित्रात हिंडावेसे, राहावेसे वाटते ते श्रेष्ठ, असे त्याचे मत होते. आणि हिंडणाऱ्याची नजर एका जागी खिळवून कशी चालेल?

या दोन दृष्टी समोरासमोर आल्या तेव्हा काय घडले, हे ज्युसेप्पे कास्तिल्योने यांच्या चित्रांत दिसते. मिलानमध्ये १६८८ साली जन्मलेले हे जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातले) चित्रकार १७१५ मध्ये चीनला गेले, लांग शिनिंग या नावाने तीन सम्राटांच्या दरबारी राहिले आणि १७६६ मध्ये बीजिंगलाच वारले. त्यांनी १७३६ मध्ये काढलेल्या च्येनलुंग सम्राटाच्या व्यक्तिचित्रात चेहऱ्याला गोलाई आहे, पण युरोपात सहज आली असती तशी अर्ध्या चेहऱ्यावरची गडद छाया नाही. प्रकाश समोरून, सारखा पडतो, कारण चिनी दरबारी संकेतानुसार सम्राटाची मुद्रा पूर्ण आणि निष्कलंक दिसायला हवी होती. म्हणजे छाया रंगवण्याचे कौशल्य हाताशी असूनही ती वगळली गेली, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या वगळण्यात आहे.

तरीही ‘पूर्वेचे मत’ असे एकच मत नव्हते. त्सोउ ईग्वेइ या दरबारी चित्रकाराने पाश्चात्त्यांच्या छायाप्रकाशाची आणि अचूक मोजमापाची वाखाणणी केली, परंतु त्यात कुंचल्याचा संस्कार, म्हणजे कुंचला चालवण्याची चिनी शिस्त, नाही, म्हणून ती कारागिरी आहे, असा निवाडाही दिला. उलट न्येन शीयाओ या अधिकाऱ्याने कास्तिल्योने यांच्याशी चर्चा करून १७२९ मध्ये यथार्थदर्शनावर सचित्र चिनी ग्रंथच प्रसिद्ध केला.

कास्तिल्योने यांचा ‘शंभर घोडे’ हा १७२८ चा रेशमी पट (गुंडाळून ठेवायचे लांब चित्र) तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात असून त्याची छायाचित्रे इंटरनेटवर पाहता येतात. पट पावणेआठ मीटर लांब आहे. तो सबंध एकदम न पाहता, मूळ पद्धतीप्रमाणे उजव्या टोकापासून थोडा थोडा उलगडल्यासारखा पाहावा. घोड्यांच्या अंगाची भरीव घडण इटालियन शिक्षणातून आली आहे, तर कुरणातून डावीकडे सरकत जाणारी नजर चिनी पटाची आहे, हे तुमच्या सहज लक्षात येईल.