अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने मृत्युपत्रात गुलाम मुक्त केले, मग त्याच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरचे अर्ध्याहून जास्त लोक गुलामच कसे राहिले?

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्यामागची शंकाही: मृत्युपत्रातली ती मुक्ती नुसता देखावा होती का? देखावा नव्हती. पण त्या लोकांतले बरेचसे कायद्याने वॉशिंग्टनचे नव्हतेच. मी दिवाणी वकील आहे, वारसाहक्काचे दावे चालवतो, त्यामुळे या प्रकरणात मला माणसाच्या स्वभावापेक्षा आधी मालकीची कागदपत्रं दिसतात.

सुरुवात वॉशिंग्टनची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्यापासून करावी लागते. डॅनियल पार्क कस्टिस हा व्हर्जिनियातला बडा तंबाखू-मळेवाला १७५७ साली मृत्युपत्र न करताच वारला. मागे तरुण विधवा, दोन लहान मुलं, हजारो एकर जमीन आणि शेकडो गुलाम. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर वसाहतीचा कायदा लागू झाला: विधवेला तहहयात एक तृतीयांश, बाकीचं मुलांचं. या तृतीयांशाला डॉवर म्हणत. त्यात जमिनीबरोबर ऐंशीहून जास्त माणसंही होती, कारण १७०५च्या कायद्याने व्हर्जिनियात वारसाहक्कापुरते गुलाम स्थावर मालमत्तेतच धरले जात.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधी आपल्याकडे विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत जो मर्यादित हक्क असे, तो आठवा. उत्पन्न तिने खायचं, पण कायदेशीर गरजेशिवाय विकायचं नाही, दान करायचं नाही. ती गेली की मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे. मार्थाचा हक्क साधारण याच जातीचा होता. १७५९ साली वॉशिंग्टनशी लग्न झाल्यावर त्या मिळकतीचा कारभार आणि उत्पन्न त्याच्या हातात आलं, मालकी नाही.

आणि ही पद्धत त्याला घरचीच होती. १७४३ साली वडील वारले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि वाट्याला एक मळा व १० गुलाम आले. माउंट व्हर्नन गेलं सावत्र भावाकडे. भावाच्या मागे तिथे त्याच्या विधवेचा तहहयात हक्क होता, म्हणून वॉशिंग्टन वर्षानुवर्षं वहिनीला खंड देऊन ती जमीन कसत होता. ती १७६१ साली वारली तेव्हा कुठे मालकी त्याच्याकडे आली.

आता खरी मेख. १६६२ पासून व्हर्जिनियात नियम असा होता की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. आणि आई ज्या मिळकतीची, मूलही त्याच मिळकतीचं. त्यामुळे कस्टिसच्या मिळकतीतल्या बाईला झालेलं प्रत्येक मूल कस्टिसच्या वारसांच्या खात्यात जमा होत गेलं, जन्म वॉशिंग्टनच्या जमिनीवर आणि पोषण त्याच्या धान्यावर झालं तरी. १७९९ साली त्याने केलेल्या यादीत ३१७ माणसं आहेत: १२४ त्याची स्वतःची, १५३ डॉवरची, ४० भाड्याने घेतलेली. कस्टिस मेला तेव्हा त्या १५३ मधल्या बऱ्याच जणांचा जन्मही झाला नव्हता.

चाळीस वर्षं एकत्र राहून दोन्ही गटांत लग्नं झाली होती. फ्रँक ली हा घरातला नोकर वॉशिंग्टनचा, त्याची बायको ल्युसी ही स्वयंपाकीण डॉवरची, म्हणून मुलंही डॉवरची. मृत्युपत्राने फ्रँक सुटला. ल्युसी आणि मुलं राहिली. हे असं होणार हे वॉशिंग्टनला पक्कं ठाऊक होतं. आपले लोक मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत असं लिहिताना त्याने कारणच हे दिलंय की डॉवरच्या लोकांशी त्यांची लग्नं झाली आहेत, आणि त्या लोकांना मुक्त करणं आपल्या अधिकारात नाही. ताबडतोब मुक्ती फक्त एकाला, त्याचा खासगी सेवक विल्यम ली याला. सोबत वर्षाला ३० डॉलर.

इथवर मी कायद्याच्या बाजूने बोललो. पण कायद्याने हात बांधले होते एवढ्यावर मला त्याला सोडून द्यावंसं वाटत नाही. राष्ट्राध्यक्ष असताना तो पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात राहायचा. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्यानुसार बाहेरच्या मालकाने गुलाम सलग सहा महिने तिथे ठेवला तर तो स्वातंत्र्य मागू शकत असे. १७९१ साली वॉशिंग्टनने सचिवाला लिहिलं की तिथले बहुतेक जण डॉवरचे आहेत, ते सुटले तर त्यांची सेवा तर जाईलच, वर त्यांची किंमतही मला भरून द्यावी लागेल. म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर नेऊन आणायचं, आणि तेही कारण कळू न देता. हा हिशेब त्याने स्वतः केलाय, कायद्याने करायला लावला नव्हता.

ओना जज या डॉवरच्या तरुणीला मार्थाच्या नातीला देऊन टाकायचं ठरलं होतं. ती १७९६ साली फिलाडेल्फियातून पळून न्यू हॅम्पशरला गेली. राष्ट्राध्यक्षाने तिला परत आणायला सरकारी अधिकाऱ्यांना कामाला लावलं. ती सापडली, पण आली नाही. तिथे तिने एका स्वतंत्र माणसाशी लग्न केलं. त्यांची मुलं मात्र कायद्याच्या नजरेत कस्टिस वारसांचीच. १८४८ साली ती वारली, तेव्हाही कागदोपत्री ती फरार गुलामच होती.

उलटं उदाहरण हर्क्युलिस या आचाऱ्याचं. तो वॉशिंग्टनचा स्वतःचा. १७९७ साली तो पळाला, आणि पुढे मृत्युपत्राने कायद्यानेही मोकळा झाला. त्याची मुलं डॉवरची, ती अडकलेलीच. त्याच वर्षी माउंट व्हर्ननला आलेल्या एका फ्रेंच पाहुण्याच्या नोकराने त्याच्या चिमुरड्या मुलीला विचारलं, बाबा परत दिसणार नाहीत याचं वाईट वाटतं का? ती म्हणाली, आनंद वाटतो, ते आता मोकळे आहेत.

मार्थाचं म्हणाल तर तिने मृत्यूपर्यंत थांबायचं टाळलं. आपण मेल्यावर शंभरावर माणसं सुटणार हे सगळ्यांना माहीत असलेल्या घरात राहायचं तिला भय वाटू लागलं होतं. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी ॲबिगेल ॲडम्स तिला भेटून गेल्या, त्यांच्या पत्रात हे स्पष्ट आहे. नवऱ्याचे लोक तिने १ जानेवारी १८०१ पासून मुक्त केले. यात औदार्य किती आणि भीती किती, ते तुम्हीच ठरवा. मला कौल द्यायला सोपं जातं ते एलिश या माणसामुळे. तो डॉवरचा नव्हता, पूर्णपणे तिच्या मालकीचा होता, त्याला मुक्त करायला काहीच आड येत नव्हतं. १८०२च्या मार्चमध्ये मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीत तिने तो नातवाला दिला.

मे १८०२ मध्ये ती वारली आणि डॉवरच्या लोकांची चार नातवंडांत वाटणी झाली. आईबाप एका वाट्यात, मुलं दुसऱ्यात, असंही झालं. नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिसचा वाटा आर्लिंग्टनला, त्याच्या मळ्यावर गेला. त्याने १८५७ साली मरताना पाच वर्षांच्या आत आपल्या गुलामांना मुक्त करा असं लिहून ठेवलं. अंमलबजावणी जावयाकडे होती, आणि जावई म्हणजे पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेला रॉबर्ट ई. ली. त्याने ती मुदत जवळजवळ शेवटपर्यंत ताणली. मुक्तीचा दस्त झाला तो डिसेंबर १८६२ अखेर, लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा अमलात यायच्या दोनतीन दिवस आधी.