25 फोनच्या ऑफिसला व्हॉइपसाठी (इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसाठी) किती एमबीपीएस लागतात?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात 25 जण आहेत, लाइन 100 एमबीपीएसची फायबर, फोन नुकतेच क्लाउड पीबीएक्सवर, म्हणजे इंटरनेटवरच्या टेलिफोन एक्स्चेंजवर, नेलेत. संध्याकाळी तुमचा आवाज समोरच्याला तुटक ऐकू जातो, तुम्हाला मात्र त्याचा नीट येतो. आणि इंटरनेटवाला म्हणतोय 300 चा प्लॅन घ्या. आत्ताच घेऊ नका. आधी हिशेब बघा.

आवाजाचा डेटा करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. साध्या जी.711 कोडेकमध्ये आवाज 64 केबीपीएसचा असतो. तो 20-20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेट. दर पॅकेटमध्ये आवाज 160 बाइट, वर हेडरचे (पत्ता वगैरे माहितीचे) 40 आणि इथरनेटचे 18. झाले 87.2 केबीपीएस, एका दिशेला. तेवढेच उलट दिशेला. जी.729 हा आवाज जास्त दाबणारा कोडेक घेतला तर आकडा 31.2 वर येतो. त्यात खरा आवाज 8 केबीपीएसचा, बाकी सगळं बारदान. लाइन अगदीच बारीक नसेल तर त्याच्या नादी लागू नका, जी.711 कानाला बरा.

सगळे 25 जण एकदम बोलत नाहीत. डॅनिश गणिती अर्लांग यांनी 1917 मध्ये मांडलेलं सूत्र यासाठी आजही चालतं. गर्दीच्या तासात प्रत्येक जण सरासरी 12 मिनिटं फोनवर असेल तर भार होतो 5 अर्लांग, म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी 5 कॉल चालू, आणि शंभरात एखाद्याच कॉलला जागा मिळू नये असं हवं असेल तर 11 चॅनेल, म्हणजे एका वेळी 11 कॉलांची जागा, पुरते. 11 कॉल म्हणजे साधारण 1 एमबीपीएस. सगळे 25 एकदम बोलले तरी सव्वादोनच्या आत. पीबीएक्स क्लाउडवर असल्यामुळे एक गोष्ट मात्र धरा: शेजारच्या टेबलावर लावलेला कॉलही बरेचदा बाहेर जाऊन परत येतो, म्हणजे तो एकटा दोन कॉलांची जागा खातो. तेही धरून 4 एमबीपीएस म्हणा. 100 च्या लाइनवर हे काहीच नाही.

मग आवाज का तुटतो? अपलोड. जाहिरातीतला 100 चा आकडा कित्येकदा फक्त डाउनलोडचा असतो. समजा अपलोड 10 आहे आणि कुणीतरी मोठी फाइल वर चढवायला घेतली. मोडेममध्ये 250 किलोबाइटची रांग साचली की तिच्या शेवटी आलेल्या आवाजाच्या पॅकेटला 200 मिलिसेकंद नुसतं थांबावं लागतं. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीप्रमाणे एका बाजूचा एकूण उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा. रांग सारखी कमीजास्त होत राहिली की जिटर, म्हणजे पॅकेट कधी लवकर कधी उशिरा पोचणं, भरून वाहिली की पॅकेट गळतात.

मी बघितलेल्या एका ऑफिसात हेच होतं. संध्याकाळी सहाला हिशेबाच्या डेटाचा बॅकअप क्लाउडवर जायचा, त्यात कॅमेऱ्यांचं फुटेज. स्पीड टेस्ट दुपारी करून सगळे म्हणायचे लाइन झकास आहे. तुम्ही असं करा: संध्याकाळी आवाज तुटत असताना एका संगणकावर 8.8.8.8 ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग चालू ठेवा; पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते त्यात दिसतं. मग बॅकअप थांबवा. दोनअडीचशेवर गेलेला आकडा झटकन दहा-वीसवर आला तर चोर सापडला.

उपाय राउटरमध्ये आहे. खऱ्या अपलोडच्या 85 ते 90 टक्क्यांवर स्वतःच मर्यादा घाला, म्हणजे रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागेल आणि आवाजाला पुढे काढता येईल. फोनच्या पॅकेटवर डीएससीपी 46 ही 'मला आधी सोडा' सांगणारी खूण असते, तिला पहिलं प्राधान्य द्या. साध्या ब्रॉडबँडवर तुमच्या दाराबाहेर ती खूण कुणी विचारत नाही, म्हणून हे काम घरातच करायचं. राउटरला हे जमत नसेल तर 300 च्या प्लॅनचे पैसे राउटरवर घाला. बॅकअप रात्री 11 नंतर लावा, हा तर फुकटचा उपाय.

सिप एएलजी नावाचं, फोनच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारं बटण राउटरमध्ये असेल तर बंद करा; कॉल लागतो पण आवाज एकाच बाजूने येतो, यामागे कित्येकदा तेच असतं. टेबलावरचे फोन वायरवर ठेवा, वायफायवर नको. आणि प्लॅनला एफयूपी (पूर्ण वेगाने डेटा वापरायची मर्यादा) असेल तर ती संपल्यावर वेग कितीवर येतो ते बिलावर बघून ठेवा, महिनाअखेरीस त्याचीच बोंब होते.

पैसे खर्चायचेच असतील तर दुसऱ्या कंपनीची छोटी लाइन घ्या, शक्यतो वेगळ्या खांबावरून आलेली. ती 20 एमबीपीएसची असली तरी चालेल. फक्त लाइन बदलते त्या क्षणी चालू असलेले कॉल तुटतील, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.